गावातलं मयत

मंजुळाबायने कढईखालचा गॅस बंद केला. बांगडे अर्धेच तळून झाले होते.

"आई, अहो हे काय?" सून कल्पिता झारा हातात धरून उभी राहिली.

"मयत झालंय गावात. चूल बंद."

"कोण गेलं?"

"तिसऱ्या मजल्यावरचा."

कल्पिता सासूकडे बघतच राहिली. तिसऱ्या मजल्यावरचा म्हणजे श्यामकांत. गल्लीच्या तोंडाशी पूर्वी दांडा कोळीवाड्याची जाळी सुकायची, होळी पेटायची, तिथे आता टॉवर आहे. त्यातला तो. बायको आधीच गेली, मुलगा कॅनडात, हा एकटा. आणि बरोबर त्याच्या खिडकीखाली मंजुळाबायची वलांडी, बोंबील सुकत घालायचे बांबू. त्या वासापायी त्याने पोलीस आणले. महापालिकेची गाडी आणून बांबू उचलवले, तिने दुसऱ्याच दिवशी नवे रोवले. तो नाकाला रुमाल लावून खाली यायचा आणि भांडायचा. मंजुळाबाय कंबरेवर हात ठेवून भांडायची. बाकीची गल्ली हातातली कामं टाकून ऐकायची.

"तो कुठे आपल्या गावातला?" कल्पिता म्हणाली. "टॉवरवाल्यांचं आपण कधी पाळलंय?"

"तुला विचारलं नाय मी. बंद म्हणजे बंद."

रीत जुनी होती. गावात कुणी गेलं की मयत उठेपर्यंत एकाही घरात चूल पेटायची नाही. पूर्वी एक म्हातारा गल्लीतून हाक देत फिरायचा. तो गेला, आणि ते काम कुणी घेतलंच नाही. आता मोबाइलच्या ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र येतं, आणि चित्र टाकणाऱ्याच्याच घरात कुकर शिट्टी मारत असतो. मंजुळाबायला या सगळ्याचा वीट आला होता. तिने पदर खोचला आणि स्वतःच निघाली.

रुक्मिणी दारातच मासळी साफ करत होती. आत भात रटरटत होता.

"त्या मेल्यासाठी माझा भात कच्चा ठेवू?" ती म्हणाली. "आमची मोरी गळते म्हणून वॉर्ड ऑफिसात जाऊन बसला होता तो."

"बसला होता. दुसरा उद्योग काय होता त्याला? गॅस बंद कर."

पुढच्या घरात खंडू भजी तळत होता. त्यानेही तोंड वाकडं केलं. "काकी, माझ्या हळदीचा बँड बंद पाडला त्याने. पोरी नाचता नाचता घरी गेल्या."

"लाज नव्हती त्याला. भजी उतरव."

अशी ती दारोदार फिरली. कुणी श्यामकांतला एक शिवी दिली की ती आपली एक वर घालायची, आणि गॅस बंद झाल्याशिवाय उंबरा सोडायची नाही. लोक वैतागले. ती त्यांच्यापेक्षा जास्त वैतागली होती. एवढ्या उन्हात, गुडघे धरलेले असताना, नेमकं आजच मरायचं होतं याला.

नाक्यावर तिचा पुतण्या विपुल बाइक पुसत होता.

"टॉवरवाल्यांचं काय ठरलंय रे?"

"सेक्रेटरी बोलला, गाडी मागवलीये. लिफ्टने खाली आणतील. मुलगा व्हिडिओवर बघेल."

"आणि खांदा?"

"गाडी आहे ना, काकी."

"गाडीला खांदे असतात? जा, शर्ट बदल. चौघांना घेऊन ये."

विपुल हलला नाही. "तू पण कमाल करतेस. पूर्ण टॉवर भरलाय माणसांनी. ते बघतील ना."

"भरलाय ना? मग एकाचं नाव सांग."

विपुलने टॉवरकडे बघितलं. त्याला एकही नाव आठवलं नाही.

"बघ," मंजुळाबाय म्हणाली. "काचा वर करून जातात सगळे. माझे बोंबील कुणाला दिसले नायत की वास आला नाय. खाली उतरून माझ्याशी भांडला तो हा एकटा. आता जातोस, का मीच खांदा देऊ?"

विपुल शर्ट बदलायला गेला.

गाडी आली. पण गल्लीच्या टोकापर्यंत श्यामकांत दांड्याच्या पोरांच्या खांद्यावरून गेला. सेक्रेटरी मागून फोन उंच धरून चालला होता. मयत निघालं तशा घराघरांत चुली पेटल्या.

संध्याकाळी बोंबील वलांडीवरच राहिले. रोज ऊन उतरलं की वरून हाक यायची, "मंजुळाबाई, उचला आता. किती छळाल?" आज कुणी ओरडलं नाही, आणि तिला आठवण राहिली नाही. कल्पितानेच ते गोळा करून आत नेले.

पोरं स्मशानातून परतली. रुक्मिणी पिठलं-भाताचं पातेलं घेऊन आली. ज्या घरातलं माणूस जातं त्या घराला शेजाऱ्यांनी कडू घास द्यायचा, हीसुद्धा रीतच. बडबड करत का होईना, तिने रांधलं होतं. कल्पिता पातेलं घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेली आणि तशीच खाली आली.

"वर कुलूप आहे," ती म्हणाली. "त्याच्या घरचं म्हणून कुणीच नाही, आई. हा घास द्यायचा कुणाला?"

मंजुळाबायने रिकाम्या वलांडीकडे बघितलं. मग ती दारातच खाली बसली आणि ताट पुढे ओढलं.

"त्याच्याशी रोज भांडायला कोण होतं?" ती म्हणाली. "वाढ."