काचेची किटली

"ही गळतीय," म्हणत गजराबाईंनी काचेची किटली काउंटरवर ठेवली.

पंचाक्षरींनी तोटीखाली ओघळलेलं पाणी फडक्यानं टिपलं. मुरुमच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान जुनं. पण किटलीत पाणी भरून, ओतून बघणारं गिऱ्हाईक त्यांना पहिल्यांदाच भेटलं होतं.

"मावशी, स्टीलची न्या. काच फुटंल."

"फुटली तर दुसरी घीन. काचंचीच पायजे. चहाचा रंग दिसला पायजे."

शेजारी उभी असलेली नात, प्रतीक्षा, हसली. तिनं दुसरी किटली पुढं केली. गजराबाईंनी आत मूठ घालून पाहिली. घासायला हात जात होता. मग पाणी भरून ओतलं. थेंबही ओघळला नाही.

"गॅसवर चालंल?"

"बारीक आचेवर. आहेर द्यायचाय का?"

"घरात लगीन हाय उद्या. नवरदेव बिनदुधाचा पितो, गवती चहा टाकून. साखर चालत न्हाय."

"आजकालची पोरं लई जपतात बघा!" पंचाक्षरींनी प्रतीक्षाकडं कौतुकानं पाहिलं. तिनं मान खाली घातली.

तेवढ्यात फोन वाजला. गजराबाईंचा मुलगा, मल्हार. त्याचा आवाज दुकानभर ऐकू येत होता.

"आई, अजून येळ गेली न्हाय. मोडून टाक ही सोयरीक. भावकीत तोंड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाय."

"भावकी कधी आपल्या दुखण्याखुपण्याला आली व्हती का रं?"

"पोरीला बी तूच नादी लावलंस!"

प्रतीक्षानं फोन घेतला. "पप्पा, मी माझ्या मनानं आलेय. उद्या सही बी करणार."

"बापाला उलटून बोलतीस?"

गजराबाईंनी फोन परत घेतला. "मल्हार, लगीन उद्याच हुणार. आलास तर पयला कप तुला. न्हाय आलास तर आमी पिऊ."

त्यांनी फोन बंद केला.  आवाज जरासुद्धा हलला नव्हता.

 पंचाक्षरींनी किटलीचं स्टीलचं झाकण उचललं आणि नाव घालायचं मशीन पुढं ओढलं.

"बरं केलंत, मावशी. नावं माझ्याकडून. नवरदेवाचं काय?"

"धनाजी."

मशीन घरघरलं.

"आणि नवरीचं?" त्यांनी प्रतीक्षाकडं बघत विचारलं.

"घाला," म्हातारीनं पदर सावरला, "गजराबाई."