आईचा वाटा

कोराडीहून शाळेची बस सुटायच्या आत प्रदर्शनाचा व्हिडिओ तयार व्हायलाच हवा होता, आणि अंजूच्या युनिक्स संगणकावर ‘भारती’ नावाचं कुठलंसं काम अर्धी ताकद खाऊन बसलं होतं. भारती म्हणजे तिची आई! तिनं तर कधी माउसलाही हात लावला नव्हता.

“पंकजदादाचीच मस्करी!” भावावर चिडून अंजूनं त्या कामाचा वाटा झक्कपैकी एक टक्क्यावर आणला. व्हिडिओ सुसाट सुटला.

स्वयंपाकघरातलं लाटणं मंदावलं.

“आई वं, काय करून राहिली?”

“पो... ळ्या...”

अंजूची नजर पडद्यावरच्या ‘भारती’कडे गेली. तिनं घाईघाईनं वाटा पूर्ववत केला. लाटणं पुन्हा झपझप चालू लागलं. तिनं श्वास सोडला.

तेवढ्यात मागून खांद्यावर पिठाचा हात पडला.

“झाला का वं तुया व्हिडिओ?” आईनं विचारलं.

स्वयंपाकघरात लाटणं चालूच होतं.