लिंबावरची घार

शेजारच्या उसावर औषध फवारायला ड्रोन आला, तशी बांधावरच्या उंच कडुलिंबावरची घार पिल्लं सोडून उठली. पंजे पुढं काढून ती थेट त्या फिरत्या पात्यांवर झेपावली. हुकली, गिरकी घेतली, पुन्हा आली. भांगलता भांगलता मंगलनं खुरपं थांबवलं.

"आरं इंद्रजित, बघ की, कशी भांडतीया!"

फौजेतून सुट्टीवर आलेल्या तिच्या लेकानं वर बघितलंच नाही. घारीला चुकवत ड्रोन त्यांच्या बाजूला सरकला, घरघर डोक्यावर आली मात्र, त्यानं आईला सरीत ढकललं आणि तिचं डोकं हातांनी झाकून तो तिच्यावर पालथा पडला. त्याच्या छातीची धडधड तिला पाठीत जाणवत होती.

घारीनं काही पाठ सोडली नाही. शेवटी चालवणाऱ्यानंच ड्रोन मागं घेतला.

इंद्रजित उठला. आईच्या लुगड्याची माती झटकत, तिच्याकडं न बघता म्हणाला, "घार तुझ्याच अंगावर येतीया वाटलं, आये."

मंगलनं सरीत पडलेलं खुरपं उचललं. बॉर्डरवरनं तो फोनवर दरवेळी एकच सांगायचा, 'हितं काय न्हाई गं, नुसती थंडी हाय.' उद्या त्याला परत जायचं होतं.

घार घरट्यात परतली होती. भर उन्हात पिल्लांवर पंख पसरून बसली होती. तिच्याकडं बघतच मंगलनं विचारलं,

"आन् तिथं तुला कोण झाकतं रं?"