वळसा

कोळीवाड्याची किनाऱ्यावर उतरणारी वाट दिवाळीत बंद झाली. तेव्हापासून नीराबाई डोक्यावर मासळीची पाटी घेऊन रोज दोन किलोमीटरचा वळसा घालत होती आणि पावलापावलाला शिव्या हासडत होती.

आज समोरून किनाऱ्यावरच्या नव्या बंगल्यातले मुंबईचे शेठ आले. पुढे त्यांचा दांडगा लॅब्राडोर, मागे पट्टा धरून धापा टाकत फरपटणारे शेठ.

"मावशी, या वयात रोज एवढं चालता? कमाल आहे! मला तर हा कुत्रा ओढत बाहेर काढतो, तेव्हा कुठे व्यायाम होतो. तुम्हाला कोण बाहेर काढतं?"

नीराबाईने पाटी वाळूवर दाणकन आपटली.

 

"तुमाला ह्यो कुत्रा फिरवतो, शेठ. आमच्या वाटेवर तुमी बंगल्याची भिंत घातली, ती आमाला फिरवते!"