सहावं बोट

दीड महिना विभा दिवसातून वीसदा उजव्या हाताची बोटं मोजत होती. स्वप्नात भान ठेवायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "ही सवय झोपेतही उतरते. सहावं बोट दिसलं की समजायचं, हे स्वप्न आहे. मग त्यात हवं ते करता येतं."

विभाला एकच करायचं होतं. आई होती तेव्हा माहेरी पिशवी टेकवली, की "आलेच गं" म्हणून विभा मैत्रिणींकडे पळायची. आईजवळ निवांत अशी कधी बसलीच नाही. त्याची माफी मागायची होती.

रविवारी दुपारी डोळा लागला. माहेरच्या अंगणात ओट्यावर आई वालाच्या शेंगा सोलत होती. विभानं बोटं मोजली. सहा भरली! हरखून तिनं उडी मारली, तर पाय जमिनीला टेकेचनात. ती तरंगत माडांच्याही वर गेली.

"अगं, घटकाभर बस की," खालून आई म्हणाली.

"आलेच गं!" विभा ओरडली आणि खाडीकडे उडाली.

जाग आली तेव्हा नवरा चहा घेऊन उभा होता. "भेटल्या का आई?"

विभानं उजवा हात चादरीत लपवला. "नाही रे. अजून जमत नाहीये."