बिनसहीचा अग्रलेख

सासऱ्यांनी चष्मा नाकावर सरकवला, पेपरची घडी मोडून मधलं पान वर काढलं आणि घसा खाकरून अग्रलेख वाचायला घेतला. ती ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून चहा गाळत होती. आपण लिहिलेलं त्यांच्या तोंडून ऐकताना, केसांत चांदी आली तरी, तिला अजून लाजल्यासारखं व्हायचं.

अग्रलेखाखाली सही नसते. पण तो कुणाचा, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सासऱ्यांचा आवाज मास्तरकीत कमावलेला, खणखणीत, प्रत्येक स्वल्पविरामाचा मान राखणारा. एखादी वेलांटी चुकलेली दिसली की ते थांबायचे, "ही तुझी नाही, छापणाऱ्याची," असं म्हणून तिला निर्दोष सोडायचे आणि पुढे वाचायला लागायचे.

मथळा तिचाच होता, 'हा कायदा कुणासाठी?' पहिला परिच्छेदही तिचाच. नुसत्या संशयावरून कुणालाही खटल्याशिवाय डांबून ठेवायची मुभा देणारा कायदा आज सभागृहात मंजुरीला येणार होता. त्याच्याविरुद्ध तिने काल जीव ओतून लिहिलं होतं.

"घराच्या दाराला कडी असते," सासरे वाचत होते.

पुढचं वाक्य तिच्या ओठांवर आलं. ती आतून लावायची असते. बाहेरून लावली की त्याला घर म्हणत नाहीत.

"ती लावावीच लागते," सासऱ्यांनी वाचलं. "कडी लावणाऱ्याच्या हेतूवर शंका घेत बसलं, की घर उघडं पडतं. हा कायदा हवा, आणि आजच हवा."

चहा कप भरून बशीत आला, बशीतून ओट्यावर ओघळला. सासरे ओळ चुकले असतील असं तिला आधी वाटलं. तिने येऊन पेपर त्यांच्या हातातून घेतला आणि उभ्या उभ्या वाचला. वाक्यं सगळी तिचीच होती. सदरा उलटा घालावा तशी, शिवण बाहेर काढून उभी होती.

हा पेपर काढला होता शाळामास्तरांनी आणि गिरणीतल्या कामगारांनी, पदरमोड करून. खुर्चीवर कुणीही येवो, हा कायम समोरच्या बाकावर. त्यापायी छापखान्याला टाळं लागलं, एक संपादक तुरुंगात गेला. तरुणपणी मास्तरांच्या संपात सासऱ्यांनाही असंच खटल्याशिवाय आत टाकलं होतं. बाकीचे पेपर तेव्हा मूग गिळून बसले. हा रोज पहिल्या पानावर विचारत राहिला, आमचे मास्तर कुठे आहेत? यंदा मालक बदलले, संपादक बदलले. अग्रलेखाला मात्र कुणी हात लावला नव्हता.

"बाबा, हे मी लिहिलेलं नाही."

सासऱ्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "तू नाही, तर मग कुणी?"

तिने संपादकांना फोन लावला. सासऱ्यांनाही ऐकू यावं म्हणून फोन टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला.

"मॅडम, मीच करणार होतो तुम्हाला फोन," संपादक म्हणाले. आवाज शांत, आर्जवी. "काल तुम्ही गेल्यावर वरून निरोप आला. तुम्हाला कशाला त्रास, म्हणून मीच बसून बदल केले."

"तुम्ही माझा लेख उलटा केलात."

"भाषा तुमचीच ठेवलीय. उपमासुद्धा तीच. फक्त बाजू बदलली."

आपण आभार मानू असं या माणसाला वाटतंय, हे तिच्या लक्षात आलं.

"उद्या खुलासा छापा," ती म्हणाली. "पहिल्या पानावर."

"कसला खुलासा? अग्रलेख पेपरचा असतो, मॅडम. लिहिणाऱ्याचा नसतो."

"मग आजपासून मी तुमच्याकडे नाही."

इतकी वर्षं धरून ठेवलेली नोकरी एका वाक्यात सुटली, याचंच तिला नवल वाटलं.

"जशी तुमची इच्छा," संपादक म्हणाले. "तुमच्यासारखं लिहिणं तसं आम्हाला जमायला लागलंय."

फोन बंद झाला. ओट्यावरून चहा फरशीवर ठिबकत होता, पण फडकं घ्यायचं तिला सुचलं नाही. आता सासरे भडकतील, पेपर चुरगाळून फेकून देतील, याची ती वाट बघत राहिली. संपाच्या वेळी माफी लिहून देऊन सुटलेल्या सख्ख्या मित्राशी, तो मरेपर्यंत, ते बोलले नव्हते.

सासऱ्यांनी पेपर उचलला, तळहाताने सरळ केला आणि पुन्हा घडी घातली.

"सोडलंस ते बरं केलंस," ते म्हणाले.

तिने आता फडकं उचललं.

"पण मी हा मघाशी दारातच वाचला होता. तू उठायच्या आधी." त्यांनी चष्मा काढला. नजर तिच्याकडे नव्हती. "पहिल्यांदा वाचला तेव्हा दचकलो. मग पुन्हा वाचला. तू लिहिलंयस म्हटल्यावर नीट विचार करून वाचला."

"मग?"

"मग पटला मला," सासरे म्हणाले. "म्हटलं, आपल्याला तेव्हा आत टाकलं, त्यात त्यांचं काही चुकलं नसावं."