चढापुरतं पेट्रोल

"डब्यात खडे भरून हलवल्यासारखा आवाज येतोय. याला काम म्हणतोस तू?" दादा उघड्या बॉनेटवर वाकून म्हणाला.

धाकट्याने लॅपटॉपवरची नजर काढली नाही. "थंड आहे अजून. गरम झाली की गप्प बसेल. सगळ्यांनाच ते जमत नाही."

दोघे सख्खे भाऊ. बोलणं कामापुरतं, आणि तेही असं. बाबांनी मागे दोनच गोष्टी ठेवल्या होत्या, त्यांची जुनी गाडी आणि हे गॅरेज. गाडी दादाने नेली. गॅरेज दोघांच्या नावावर राहिलं. दादाला जागा विकायची होती आणि धाकटा सही करत नव्हता. इथेच त्याचं काम, इथेच माळ्यावर त्याचं अंथरूण. "मी मेल्यावर खुशाल विक," असं त्याने एकदा वहिनीच्या देखत सुनावलं होतं. त्यानंतर वहिनीने त्याच्यासाठी दार उघडणं बंद केलं.

तरी दादा गाडी घेऊन आला, कारण त्याचा नाइलाज होता. जुन्या गाड्यांच्या घाटचढाईत त्याला मिरवायचं होतं, आणि इंजिनाला पेट्रोल पुरवणारा बाबांच्या वेळचा कार्ब्युरेटर चढावर ठसकत होता. तो काढून त्या जागी पेट्रोल मोजून देणारं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन बसवणारा गावात एकच माणूस होता.

धाकट्याने कामात मात्र कसूर केली नव्हती. टाकीत नवा पंप टाकला. पेट्रोलच्या नळ्या बदलल्या. सायलेन्सरच्या पाइपला भोक पाडून धूर हुंगणारा सेन्सर बसवला. आता उरलं होतं ते लॅपटॉपवरचं. पडद्यावर चौकटीच चौकटी होत्या. इंजिनाचा वेग किती, त्यावर भार किती, त्याप्रमाणे पेट्रोल किती द्यायचं, याचा एकेक आकडा भरायचा. एकेक चौकट जुळली तसा इंजिनाचा खडखडाट ओसरला आणि बाबांची गाडी शिवणयंत्रासारखी एका लयीत चालू लागली.

धाकट्याला क्षणभर बरं वाटलं.

"बाबा म्हणायचेच," दादा हात पुसत म्हणाला, "याला यंत्राशी बोलता येतं, माणसांशी नाही. म्हातारपणी त्यांना तुझी लाज वाटायची. माहीत आहे ना?"

धाकट्याच्या कानशिलावरची शीर उडाली. तो लॅपटॉपकडे वळला आणि उजव्या कोपऱ्यातल्या चौकटींतले आकडे एकेक करून उतरवू लागला. पूर्ण भाराच्या, म्हणजे उभ्या चढाच्या चौकटी. सपाट रस्त्यावर गाडी लोण्यासारखी चालणार. घाटात जोर लागला की इंजिन उपाशी पडणार, आणि वर त्याने घातलेल्या कुलपामुळे, एकदा मेलं की लॅपटॉप जोडल्याशिवाय उठणार नाही. सगळ्या गावासमोर.

"आता काय करतोयस?" दादा त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होता.

"चढावरची सोय," धाकटा म्हणाला.

दादा गाडी घेऊन गेला. आभार मानणं दूरच, त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

घाटचढाईच्या सकाळी धाकटा पायथ्याशी गर्दीत उभा होता. तमाशा बघायलाच आला होता. दादा सरळ त्याच्याकडे आला आणि किल्ली पुढे केली.

"तू चालव."

"मी? कशाला?"

"माझा खांदा धरलाय. मी माझ्या रोजच्या गाडीतून मागून येतो." दादा खाली बघत होता. "आणि काम तुझं आहे. लोकांना दिसू दे. चल, नंबर लागलाय."

लॅपटॉप गॅरेजमध्ये होता. गाड्या सुटत होत्या, लोक टाळ्या वाजवत होते. नाही म्हणायला कारण सुचेना. धाकटा बसला. इतक्या वर्षांत दादाने त्याला काही दिलं, असं हे पहिल्यांदाच घडत होतं.

पहिल्या वळणापासूनच त्याचा जीव टांगणीला लागला. तो अंड्यावर पाय ठेवावा तसा ॲक्सिलरेटर दाबत होता. आरशात दादाची गाडी दिसत होती, अंतर राखून येणारी. वळणावळणाला धाकटा स्वतःलाच शिव्या घालत होता. हा माणूस आज नमला, आणि आपण काय पेरून ठेवलंय!

माथा हाकेच्या अंतरावर आला तेव्हा चढ एकदम उभा झाला. इंजिन दोनदा खोकलं आणि मेलं. गाडी आपसूक थांबली. हँडब्रेक नुसता शोभेपुरता होता. त्याने गाडी पहिल्या गिअरमध्ये अडकवून ठेवली आणि तो खाली उतरला. कठड्यावर बसलेली पोरं हसली. कुणीतरी शिट्टी मारली.

दादा धावत आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"इथे कशी बंद पडली? इथे का?"

"दादा, मी केलं हे." धाकटा म्हणाला. "मुद्दाम केलं. तुझी फजिती व्हावी म्हणून. मला काय वाटेल ते बोल, पण माफ कर. आणि ती सही... उद्या करतो मी. खरंच करतो."

दादा त्याच्याकडे बघत राहिला. काहीतरी बोलायला त्याचे ओठ हलले आणि मिटले. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

"बस गाडीत," तो शेवटी म्हणाला. "आम्ही ढकलतो. माथा ओलांडला की पलीकडे उतारच आहे."

"रागावला नाहीस ना?"

"बस म्हटलं ना!"

दादाने पोरांना हाक मारली आणि स्वतः तोच धरलेला खांदा गाडीच्या पाठीला लावला. धाकट्याने गिअर काढला. डोळे भरून आल्याने त्याला समोरचं धड दिसत नव्हतं. गाडी इंचाइंचाने माथ्यावर चढली, क्षणभर थबकली आणि पलीकडच्या उताराला लागली. पोरांनी आरोळी ठोकली. धाकट्याने खिडकीतून हात काढून दादाला हलवून दाखवला.

मग वळण जवळ आलं म्हणून त्याने ब्रेकवर पाय ठेवला, आणि पेडल अलगद तळाला जाऊन टेकलं.